भाडेपावतीचं पोस्टर

पोस्टर म्हणजे चित्रपट पुरा झाल्यावर शेवटी उरकायचं काम, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या भाच्यालाही तसंच वाटत होतं. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात दीड तासाचा मराठी चित्रपट चित्रित केला होता. कच्चा जोड, म्हणजे दृश्यांची पहिली ढोबळ जुळवणी, तयार होता, पार्श्वसंगीत व्हायचं होतं आणि मराठी मंडळाच्या सभागृहात पहिल्या खेळाची तारीखही ठरली होती. माझं रावपुऱ्यात छपाईचं छोटं काम आहे, आणि उपयोजित कला मी इथल्याच फाइन आर्ट्सला शिकले. त्यामुळे तो सरळ म्हणाला, "मावशी, पोस्टर तूच कर."

चित्रपट आता बऱ्याच जणांनी पाहिला आहे, तेव्हा गोष्ट सांगायला हरकत नाही. काळ १९९० च्या दशकातला. वाड्यात खाली भाड्यानं राहणारी आजी आजारी आहे. वरच्या मजल्यावर मालकाचं कुटुंब. मालकाच्या मुलानं दावा लावला आहे की म्हातारीनं अनेक वर्षं भाडंच दिलेलं नाही, जागा खाली करा. सुरतेला नोकरी करणारा नातू निरवानिरव करायला येतो. आजीच्या ट्रंकेत त्याला दर महिन्याच्या पावत्या सापडतात, एकही महिना चुकलेला नाही, प्रत्येकीवर मालकाची मोडीतली सही. आणि वर, जिन्याच्या तोंडाशी, त्याच मालकाची हार घातलेली तसबीर. तो जाऊन अकरा वर्षं झाली आहेत.

सही करत होती त्याची विधवा, मुलाच्या नकळत. खालची आजी महिन्याच्या महिन्याला पैसे देई, वरची आजी नवऱ्याच्या हातासारखी सही करून पावती देई. चारचौघांत मात्र दोघी एकमेकींशी बोलत नसत. आता या पावत्या कोर्टात ठेवल्या तर खालची आजी वाचेल, पण वरचीवर खोट्या सहीचा आळ येईल.

गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मग मी कच्चा जोड पाहिला आणि तो काटा कुठेच आला नाही. सुरुवातीला सुरतेची खोली, नोकरी, रेल्वेचा प्रवास, बहिणीच्या लग्नाची बोलणी. ट्रंक उघडते तेव्हा अर्धा तास झालेला, आणि त्यानंतर पाच मिनिटांत वरच्या आजीला सही करताना आपण पाहतोही. प्रश्न उगवायच्या आत उत्तर हातात.

पण मला सांगितलं होतं पोस्टर करायला, जोडाबद्दल बोलायला नव्हे. भाच्याला पाच जणांचे चेहरे हवे होते, कारण पाचही जणांनी मनापासून काम केलं होतं. मागे वाडा, तुळशीवृंदावन, संध्याकाळचा प्रकाश. तसं करून दिलं. देखणं होतं. छापखान्यात लावून ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत बसले. लोक थांबायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि लग्नपत्रिकेचा भाव विचारायचे. "हे काय आहे?" असं कुणी विचारलं नाही.

तेव्हा मी मांडवीजवळ राहणाऱ्या एका चित्रकार काकांकडे गेले. ते मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी इथं येऊन त्यांनी चित्रपटगृहांचे बॅनर रंगवले, फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं. कोल्हापूरच्या माणसाकडे जाण्यात मला अर्थ वाटत होता, कारण आपल्याकडे पोस्टर ही गोष्ट गांभीर्यानं घेणारे पहिले लोक तिथलेच. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज टिकून असलेलं सगळ्यात जुनं भारतीय चित्रपटाचं पोस्टर मानलं जातं. दिग्दर्शक आणि पोस्टर काढणारा हात एकच, ही आपल्या चित्रपटाची सुरुवात आहे. ही दोन खाती वेगळी झाली ती नंतर.

काकांनी माझं पोस्टर खुर्चीवर टेकवून ठेवलं, दाराशी जाऊन उभे राहिले, तिथून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ह्यात सगळं आहे. मग तिकीट कशाला काढायचं?"

त्यांच्याकडे एक सबंध दुपार बसले. बॅनर कसा होई ते त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. कापड चौकटीवर ताणायचं, सरस आणि खडूच्या पांढऱ्या पुडीचा हात द्यायचा. निर्मात्याकडून आलेल्या छोट्या फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या आणि तेवढ्याच चौकटी कापडावर मोठ्या करून एकेका घरातली रेघ उचलायची. जवळून पाहिलं तर नाकाच्या जागी नुसते जांभळे-पिवळे फटकारे, रस्त्याच्या पलीकडून पाहिलं की नाक. चेहऱ्याची एक बाजू लाल, दुसरी निळी का, हे मी विचारलं. काकांच्या मते दोन रंगांत चिरलेला चेहरा पाहिला की या माणसाच्या आत दोन गोष्टी भांडताहेत हे निरक्षर माणसालाही कळतं. हिंदी चित्रपटांची पोस्टरं रंगवणारे दिवाकर करकरे ब्रशऐवजी सुरीनं रंगाचे जाड थर ओढत, त्या कामाबद्दल ते अजूनही आदरानं बोलतात. चेहऱ्यातला राग रंगाच्या थरातच दिसायचा, म्हणाले.

मग त्यांनी मला गोष्ट विचारली. मी सांगू लागले आणि तसबिरीपाशी येताच त्यांनी हात वर केला. "थांबा. इथंच थांबा. पुढचं मला आत्ता नको." मला जे हवं होतं ते त्या हातानं दिलं. पोस्टर म्हणजे कथेचा सारांश नसतो. कथा सांगता सांगता जिथं थांबलं तर ऐकणारा उठून जाऊ शकत नाही, ती जागा म्हणजे पोस्टर. आणि अशी जागा सापडत नसेल तर दोष पोस्टरचा नसतो.

घरी आल्यावर मला फत्तेसिंगराव संग्रहालयातली रविवर्म्याची चित्रं आठवू लागली. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली होती. लहानपणापासून पाहिलेली ती चित्रं मी पुन्हा जाऊन पाहिली, या वेळी पोस्टर करणारीच्या नजरेनं. शंतनू आणि मत्स्यगंधेपाशी बराच वेळ उभी राहिले. राजानं मागणं घातलं आहे, त्याची नजर तिच्यावर आहे, उत्तर अजून आलेलं नाही. या मागण्याची किंमत ज्याला जन्मभर मोजायची आहे तो देवव्रत चित्रात नाहीच. महाभारत ठाऊक असलेल्या माणसाला तो न दिसताही दिसतो. ठाऊक नसलेल्यालाही एवढं कळतं की इथून पुढे काहीतरी मोठं घडणार आहे. ज्याच्यावर गोष्ट कोसळणार त्यालाच चौकटीबाहेर ठेवणं, हे फार धाडसाचं आहे. मी माझ्या पोस्टरमध्ये वरच्या आजीचा चेहरा सगळ्यात मोठा ठेवला होता.

याच गावात दादासाहेब फाळके शिकले, ही गोष्ट बडोदेकर अभिमानानं सांगतात. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं कलाभवन सुरू झालं, तिथं फाळक्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे आणि छपाईचे धडे घेतले. पुढे लोणावळ्याला त्यांनी रविवर्मा प्रेससाठी कामही केलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची त्यांची जाहिरात प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दर फक्त तीन आणे. या ओळींत हरिश्चंद्राची कथा कुठेच नाही. ती कथा घराघरात माहीत होती, तिचं कुतूहल कुणाला असणार? हलणारी चित्रं मात्र नवी होती, म्हणून त्यांनी आकडे विकले. आपल्या प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा इतका स्वच्छ विचार आज मला क्वचित दिसतो.

माणूस खेचला जाण्याचे प्रकार दोन, असं मला तेव्हा वाटू लागलं. एकात आपल्याला जे दिसतं ते पात्राला दिसत नाही. १९७५ च्या 'जॉज'चं पोस्टर तसं आहे. वर निवांत पोहणारी बाई, खाली पाण्यातून सरळ वर येणारा शार्क. तिला सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही. दुसऱ्यात पात्र आणि प्रेक्षक दोघंही एकाच अंधारात असतात. आमची गोष्ट दुसऱ्या प्रकारची होती. नातवाला जेवढं ठाऊक तेवढंच प्रेक्षकाला. कच्च्या जोडानं मात्र तिला पाच मिनिटांत पहिल्या प्रकारात ढकललं होतं, आणि मग दोन्हींतलं काहीच राहिलं नव्हतं.

मी नवं पोस्टर केलं. एकही चेहरा नाही. एक पावती, जवळजवळ पूर्ण कागदभर. तारीख स्पष्ट वाचता येते, सही मोडीत. पावतीच्या वरच्या कोपऱ्यात तसबिरीच्या काचेचं प्रतिबिंब, त्यात हार आणि खाली मृत्यूचं साल. बस.

भाचा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, हे भारी आहे. पण हे आमच्या चित्रपटाचं पोस्टर नाही." मी म्हटलं, "अरे, गोष्टीचं आहे. चित्रपटाचं करायचं का, ते तू ठरव."

आमचं खरं काम इथून पुढे सुरू झालं, आणि ते माझ्या ताईच्या स्वयंपाकघरात चाललं. ताई म्हणजे भाच्याची आई, तिनं आयुष्यभर संस्कृत शिकवलं. भाचा सिड फील्डच्या पटकथालेखनावरच्या १९७९ च्या पुस्तकातली तीन अंकांची मांडणी घेऊन बसला होता: पहिला पाव भाग ओळख, मग संघर्ष, मग उकल. त्या हिशेबानं अर्ध्या तासानं ट्रंक उघडणं फारसं वावगं नव्हतं, आणि तो तेच म्हणत होता. ताई उठली आणि भरताचं नाट्यशास्त्र घेऊन आली. अभिनवगुप्ताच्या भाष्यासह नाट्यशास्त्राची आवृत्ती बडोद्याच्याच गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये निघाली. रामकृष्ण कवींनी संपादलेला पहिला खंड १९२६ चा, चौथा १९६४ चा. आपल्या गावात छापलेलं हे पुस्तक आपल्याच चित्रपटाच्या टेबलावर यावं, याचा मला फार आनंद झाला.

तिनं सगळ्या पाच संधी, म्हणजे कथेचे पाच टप्पे, आम्हाला शिकवल्या नाहीत. दोनच गोष्टी काढल्या. पहिली बीज: अगदी थोडकं पेरलं जातं, अनेक अंगांनी पसरतं आणि फळापाशी जाऊन संपतं. ते मुखसंधीत, म्हणजे अगदी सुरुवातीच्या भागात पडायला हवं. "तुझ्या पहिल्या अर्ध्या तासात पेरलंय काय?" तिनं मुलाला विचारलं. त्यानं नातवाचा एकटेपणा सांगितला. ताई म्हणाली, "ते हवामान झालं रे. बी कुठंय?"

दुसरी गोष्ट बिंदू, आणि तिनं मला खिळवून ठेवलं. मूळ हेतूचा धागा मध्येच तुटतो तेव्हा त्याला तुटू न देणारं जे असतं ते बिंदू. पुढच्या शास्त्रकारांनी त्याला पाण्यावर पसरणाऱ्या तेलाच्या थेंबाची उपमा दिली आहे. आमच्याकडे धागा तोडणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मध्यंतर. परदेशी पुस्तकं लिहिणाऱ्याला त्याची चिंता नसते. आपल्या प्रेक्षकाला आपण स्वतः उठवून बाहेर पाठवतो, चहा पाजतो, आणि तरीही तो परत यावा अशी अपेक्षा करतो. मध्यंतराला पडद्यावर मोठा आवाज करून थांबवणं सोपं आहे. पण तो आवाज चहा संपेपर्यंत टिकत नाही. टिकतो तो प्रश्न, आणि तोही असा की दोन माणसांनी त्यावर वाद घालावा.

जोड बदलायचं ठरलं. ट्रंक सहाव्या मिनिटाला. वरची आजी सही करताना दिसणं थेट मध्यंतराला. मधल्या भागात नातू शोध घेतो, आणि त्याचा संशय आधी मालकाच्या मुलावर, मग स्वतःच्या आजीवर जातो. ही दृश्यं आधीही होती, फक्त उत्तर माहीत असल्यामुळे ती निर्जीव वाटत होती. एक चौकटही न बदलता, नुसती जागा बदलल्यावर ती जिवंत झाली. संकलन करणाऱ्या मुलीनं पहिल्यांदा ती नव्या क्रमानं लावून दाखवली तेव्हा संशयानं आजीकडे पाहणाऱ्या नातवाची नजर बघून ताईनं पदर डोळ्याला लावला. तीच नजर आम्ही आधीच्या जोडातही पाहिली होती.

पोस्टर अजून संपलं नव्हतं. छोट्या चित्रपटांना ऑनलाइन मंचांवर जागा मिळवून देणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ते पाहिलं आणि खूश झाले. मेलेला माणूस सही करतो! मागे काळोख घाला, तसबिरीचे डोळे चमकवा, लोक तुटून पडतील. भाचा क्षणभर डळमळला. पैसे त्याच्या मित्रांचे अडकले होते, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मी ठाम राहिले. भुताच्या आशेनं आलेला माणूस पहिली वीस मिनिटं भूत शोधत बसतो आणि दोन म्हाताऱ्यांचं मैत्र त्याला दिसतच नाही. हल्ली नेटफ्लिक्ससारखे मंच एकाच चित्रपटासाठी वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळी चित्रं दाखवतात. कंपनीनं २०१७ मध्ये स्वतःच त्याची पद्धत मांडली होती. प्रत्येकाला त्याच्या आवडीचा दरवाजा दाखवण्याला माझा विरोध नाही, दरवाजा त्याच घरात उघडत असेल तर.

तरी त्या गृहस्थांच्या बोलण्यात एक तथ्य होतं. आमची पावती भुताकडे बोट दाखवत होती खरी. ती सही जिवंत माणसाची आहे, हे कागदावर न सांगता जाणवायला हवं होतं. मी पुन्हा काकांकडे गेले. त्यांनी बोटाला कसलासा पिवळा रंग लावला आणि प्रिंटच्या कडेला, जिथं पावती धरली जाते तिथं, हलकेच टेकवला. हळदीचं बोट. स्वयंपाकघरातून घाईनं येऊन सही करणारा हात. एवढ्यानं सगळं पोस्टर उबदार झालं. आणि कोण, हा प्रश्न विझण्याऐवजी जास्त नेमका झाला.

पण चित्रपटात हळद नव्हती. जे पोस्टरवर दाखवलं ते पडद्यावर मिळालं पाहिजे, यावर आमच्या तिघांचं एकमत होतं. म्हणून भाच्यानं वाड्यात परत जाऊन ट्रंकेचं दृश्य नव्यानं घेतलं: पावत्यांच्या कडांवर फिकट पिवळे डाग, नातू त्यांवरून बोट फिरवतो आणि पुढे जातो. वरच्या आजीचं लोणचं घालतानाचं एक छोटं दृश्यही घेतलं, विसाव्या मिनिटाच्या आसपास, कुणाचं लक्ष जाईल न जाईल असं.

अक्षरांचं काम लवकर झालं. शीर्षक 'भाडेपावती' छापील टंकात न ठेवता जुन्या पावत्यांवरच्या बोरूच्या वळणात लिहिलं, सहीपेक्षा लहान. मोबाइलवर अंगठ्याएवढं करून पाहिलं. तारीख वाचता येईना, म्हणून मासिक भाड्याचा आकडा काढून टाकला आणि तारीख मोठी केली. तीस बाय चाळीस इंचांच्या कागदावर जे शोभतं ते अंगठ्याएवढ्या चौकोनात जगेलच असं नाही. दोन्हीकडे तगतं ते सहसा एकच काहीतरी असतं.

पहिल्या खेळाच्या मध्यंतरात मी मुद्दाम सभागृहाच्या दारापाशी उभी राहिले. वरच्या आजीला पाहून लोकांना धक्का बसला होता, पण बोलणं धक्क्याबद्दल नव्हतं. आता त्या पावत्या कोर्टात द्यायच्या का, यावर दोन वकील काका हिरिरीनं बोलत होते. एक आजी मात्र शेजारणीला सांगत होत्या, "मला डागावरूनच कळलं होतं. पुरुष हळदीच्या हातानं सही करत नाहीत." लोणच्याचं दृश्य त्यांनी पकडलं होतं.

एक गोष्ट अजून भाच्याच्या मनाला लागून होती. सुरतेची खोली आणि रेल्वेचा प्रवास जोडातून पूर्ण गेला होता. ती दृश्यं सुंदर होती, त्यानं आणि त्याच्या कॅमेऱ्यानं जीव ओतून घेतलेली, आणि ती गेल्याचं मलाही वाईट वाटत होतं. पुढच्या खेळाआधी त्यानं एक करून पाहिलं. मध्यंतरानंतर, पावत्या पिशवीत घालून नातू एका रात्रीसाठी सुरतेला परत जातो, तिथं ती खोली आणि तो प्रवास आला. सुरुवातीला जिथं लोक मोबाइल काढायचे, तिथं आता सभागृहात चिडीचूप. कारण आता त्या मुलाच्या पिशवीत काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं, आणि तो ती पिशवी घेऊन परत येणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रवासातली तीन मिनिटं त्यानं आणखी वाढवली आहेत. मला ती थोडी लांब वाटतात. त्याला वाटत नाहीत. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.